आकड्यांचं गाणं होतं तेव्हा: लॅपटॉप की खिशातला प्लेयर?

रात्री पंखा बंद करून लॅपटॉपला तारेचे इयरफोन लावा. नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर कानठळ्या बसतील. काहीही न वाजवता आवाजाची पट्टी वर न्या आणि एखादं लांबलचक पान भराभर सरकवा. बऱ्याच लॅपटॉपांत, विशेषतः जुन्यांत, एक बारीक किणकिण ऐकू येते. पान सरकतं तशी ती चढते, बोट थांबलं की विरते. हा आवाज कुठल्याही स्टुडिओत मुद्रित झालेला नाही. प्रोसेसर कामाला लागला की आत विजेची जी ओढाताण होते, ती थेट तुमच्या कानात येते आहे.

गाणी ऐकायला लॅपटॉपमधलं साउंड कार्ड पुरे, की वेगळा प्लेयर खिशात बाळगावा, या प्रश्नाचं मूळ या किणकिणीत आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो चांगलाच तापला होता. लॅपटॉपच्या कडेला तेव्हा एक चपटी खाच असायची आणि तिच्यात सरकवायचं साउंड कार्ड वेगळं विकत मिळायचं. त्याच सुमारास आयपॉड खिशाखिशांत शिरत होता. गंमत अशी, की एकच कंपनी दोन्ही बाजूंनी लढत होती. सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्हने १९८९ साली साउंड ब्लास्टर आणलं आणि नुसतं ‘पीं’ करणाऱ्या पीसीला कंठ फुटला. त्याच कंपनीने २००० साली ६ जीबीच्या हार्ड डिस्कचा नोमॅड ज्यूकबॉक्स काढला, म्हणजे आयपॉडच्या वर्षभर आधी. पुढे प्लेयरमध्ये गाणी शोधायच्या पद्धतीच्या पेटंटवरून दोघांची जुंपली आणि २००६ साली ॲपलने क्रिएटिव्हला १० कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. बाजार मात्र आयपॉडनेच मारला.

लॅपटॉप घ्या किंवा प्लेयर, आत करायचं काम एकच आहे: आकड्यांची रांग घ्यायची आणि तिची विजेची लाट करायची. हे काम जवळजवळ अशक्य वाटावं इतकं अवघड आहे, आणि तेच या दोघांनाही उत्तम जमतं. घोळ होतो तो आजूबाजूच्या, किरकोळ वाटणाऱ्या कामांत. निवड करायची ती त्या किरकोळ कामांवरून. पण आधी ते अवघड काम पाहू, कारण ते पाहण्यासारखं आहे.

सीडीवर, आणि सीडीवरून उतरवलेल्या फाइलमध्ये, दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. डाव्या कानासाठी तेवढे आणि उजव्यासाठी पुन्हा तेवढे. हा विचित्र आकडा कुणी कानाचा अभ्यास करून काढला असेल असं वाटतं. कानाची अट एवढीच होती, की आकडे सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त हवेत. नेमका आकडा ठरवला तो टीव्हीने. सत्तरच्या दशकात एवढी माहिती साठवायला हाताशी असलेलं साधन होतं व्हिडिओ टेप, म्हणून चित्राच्या एकेका ओळीच्या जागी तीन-तीन आकडे बसवायचं ठरलं. अमेरिका-जपानच्या टीव्हीत सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं, आणि प्रत्येक फील्डमध्ये कामाला येणाऱ्या २४५ ओळी. युरोपातल्या, आणि आपल्याकडच्याही, पद्धतीत ५० फील्ड आणि २९४ ओळी. ६० गुणिले २४५ गुणिले ३ करा, नाहीतर ५० गुणिले २९४ गुणिले ३ करा, उत्तर एकच येतं, ४४,१००. शिवाय हा २१०चा वर्ग आहे, आणि २१० म्हणजे २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांचा गुणाकार. टीव्हीच्या ओळी मोजता मोजता हाती लागलेला आकडा इतका देखणा निघावा याचं मला अजून नवल वाटतं.

प्रत्येक आकड्याला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. लॅपटॉपच्या जॅकमधून साधारण एक व्होल्टची (हा आरएमएस, म्हणजे एका विशिष्ट पद्धतीने काढलेल्या सरासरीचा आकडा) लाट निघते असं धरलं, तर तिच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत २.८ व्होल्ट होतात. त्याचे ६५,५३६ भाग केले की एक पायरी ४३ मायक्रोव्होल्टची. व्होल्टचा तेवीस हजारावा भाग! चिपने सेकंदाला ४४,१०० वेळा आणि दोन कानांसाठी त्याच्या दुप्पट वेळा एवढ्या बारकाईने नेमकी पायरी गाठायची.

आता खरी जादू. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात काय होतं? डिजिटल म्हणजे जिन्यासारखी खाचाखाचांची लाट, मूळ गुळगुळीत लाटेतलं काहीतरी गळून गेलेली, असं चित्र शाळेच्या पुस्तकांपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसतं. ते चुकीचं आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली, व्लादिमिर कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली जे गणित मांडलं ते सांगतं, की मूळ आवाजात आकड्यांच्या निम्म्या वेगापेक्षा वरचं कंपन नसेल, तर त्या सगळ्या बिंदूंमधून जाणारी लाट एक आणि एकच असते. जवळपास तशी नव्हे, तीच. माणसाच्या ऐकण्याची कमाल मर्यादा म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनं. त्या टोकाच्या स्वराच्या एका कंपनाच्या वाट्याला जेमतेम दोनाहून थोडेसे जास्त बिंदू येतात. तेवढ्यावरून अख्खी गोल लाट, तिच्या चढउतारासकट, जशीच्या तशी परत मिळते. मधल्या जागेतलं काहीच हरवलेलं नसतं, कारण तिथे वेगळं काही असूच शकत नव्हतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला १५-१६ हजारांच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, हे जाता जाता.

गणित कागदावर बरोबर असलं तरी ते चिपमध्ये उतरवायचं होतं. १९८२ साली पहिले सीडी प्लेयर आले तेव्हा सोनी आणि फिलिप्स या जोडीदार कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटांची चिप होती, पण ती इतकी महाग, की दोन कानांत मिळून एकच बसवलेली. ती आधी एका कानाचा आकडा सोडायची, मग दुसऱ्याचा. त्यामुळे एक कान दुसऱ्याच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे. ऐकायला भयंकर वाटतं, पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून ४ मिलिमीटरसुद्धा पुरा जात नाही. मान किंचित कलली तरी फरक त्याहून मोठा पडतो.

फिलिप्सकडे तर १४ बिटांचीच चिप होती. म्हणजे पायऱ्या एक चतुर्थांश. त्यांच्या इंजिनीयरांनी आकडे चौपट वेगाने पाठवायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी राहिलेली चूक पुढच्या आकड्यात वळती केली. चूक नाहीशी होत नाही, पण उंबऱ्याबाहेर केर लोटावा तशी ती ऐकू येणाऱ्या पट्टीच्या पलीकडे ढकलली जाते, आणि तिकडे तिला साधी चाळणी अडवते. १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांचं काम निघालं. आजच्या बहुतेक चिप याच युक्तीचं पुढचं टोक आहेत. त्यांच्यात ६५,५३६ नेमक्या पायऱ्या कोरलेल्याच नसतात. मोजक्याच पायऱ्या, काहींत तर नुसतं चालू आणि बंद, पण सेकंदाला लाखो वेळा, इतक्या हिशेबाने की सरासरी काढली की गाणं उरावं. एवढ्या बारीक पायऱ्यांचे रोधक अचूक घडवणं महाग पडतं. वेगाने चालू-बंद करणं मात्र चिपला फुकटात जमतं. म्हणूनच तुमच्या लॅपटॉपमधली चिप इतकी स्वस्त आहे आणि इतकी चांगलीही.

तिला एकच गोष्ट लागते, वक्तशीरपणा. आकडा बरोबर असला आणि क्षण चुकला तरी लाट चुकते. किती चुकलेलं चालेल, याचा हिशेब करता येतो. २०,००० कंपनांच्या पूर्ण मोठ्या लाटेत अर्ध्या पायरीएवढीही चूक नको असेल, तर वेळ १२१ पिकोसेकंदांहून जास्त चुकता कामा नये. एवढ्या वेळात प्रकाश साडेतीन सेंटिमीटरच्या थोडा पुढे जातो, आपल्या दोन बोटांच्या रुंदीएवढा. सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळणारा प्रकाश! आणि हा वक्तशीरपणा सांभाळतो क्वार्ट्झचा एक इवलासा तुकडा. दाबला की त्याच्यात वीज येते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं होतं. उलट वीज दिली की तो थरथरतो, आणि त्याची थरथर फार नियमित असते. कानाला गडबड जाणवायला खरं तर या हिशेबाच्या शेकडो पट चूक व्हावी लागते, म्हणून लॅपटॉपमधलं घड्याळ वाईट आणि प्लेयरमधलं चांगलं, या युक्तिवादाला मी फारशी किंमत देत नाही.

मग २४ बिटांचं काय? प्लेयरच्या खोक्यावर तो आकडा ठळक छापलेला असतो. २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पायऱ्या. मघाचीच एक व्होल्टची लाट घेतली तर एक पायरी ०.१७ मायक्रोव्होल्टची. इथे नायक्विस्ट पुन्हा भेटतात. त्याच १९२८ साली बेल प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं आणि नायक्विस्ट यांनी सिद्ध केलं, की कुठलाही रोधक, नुसता पडून असला तरी, स्वतःच्या उबेमुळे खरखर करतो. आतले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत. हजार ओहमचा साधा रोधक आपल्या घरातल्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या पट्टीत, ०.५७ मायक्रोव्होल्टची खरखर करतो. २४ बिटांची पायरी याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. म्हणजे खालच्या काही पायऱ्या कुठल्याही यंत्रात, कितीही पैसे ओता, उष्णतेच्या खरखरीत बुडालेल्याच असणार. डिजिटल आवाज शक्य कसा आहे आणि त्याची हद्द कुठे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वर्षात सांगून ठेवल्या, सीडीच्या ५४ वर्षं आधी.

चिप इतकी गुणी असेल तर किणकिण कुठून येते? शेजाऱ्यांकडून.

लॅपटॉपमध्ये ऑडिओची चिप ज्या पट्टीवर बसते तिच्यावरच प्रोसेसर आहे, ग्राफिक्स आहे, वायफाय आहे आणि बॅटरीच्या विजेचे तुकडे पाडून प्रत्येकाला हवा तेवढा दाब पुरवणारी सर्किटं आहेत. पान सरकवलं की प्रोसेसर दचकून जागा होतो आणि क्षणात कित्येक ॲम्पियर ओढतो. समजा, ५ ॲम्पियरचा हा लोंढा तांब्याच्या अशा वाटेने परत गेला, जिचा काही भाग ऑडिओच्याही वाटेत येतो आणि ज्याचा रोध ओहमचा फक्त हजारावा भाग आहे. तेवढ्यावर ५ मिलिव्होल्ट उभे राहतात, म्हणजे १६ बिटांच्या शंभराहून जास्त पायऱ्या. कोट्यवधींच्या संशोधनातून साधलेली बारकाई एका आखूड तांब्याच्या पट्टीने मातीत. यूएसबीवर माहितीची पाकिटं ठरावीक ठेक्यात जातात, दर मिलिसेकंदाला किंवा त्याच्या आठव्या भागाला, म्हणून तिकडून गळती झाली तर सेकंदाला १,००० किंवा ८,००० कंपनांचा स्वच्छ सूर लागतो. नको असलेला, पण सुरेल.

इंजिनीयरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. इंटेलने १९९७ साली एसी-९७ नावाची पद्धत आणली ती याचसाठी. आकड्यांचा कारभार मोठ्या चिपमध्ये ठेवायचा आणि लाट करण्याचं नाजूक काम वेगळ्या छोट्या चिपला देऊन तिला गोंगाटापासून दूर, जॅकजवळ बसवायचं. कल्पना छान, पण यातल्या बऱ्याच चिपांचा ठेका सेकंदाला ४८,००० वर अडकलेला. सीडीचे ४४,१०० आकडे आले की दर १४७ आकड्यांचे १६० करून द्यावे लागायचे. हे नीट करायला बरंच गणित लागतं, आणि तेव्हाचे काही ड्रायव्हर ते उरकून टाकायचे. २००४च्या सुमाराला कुणी ‘लॅपटॉपवर ऐकू नकोस, आयपॉड घे’ म्हणालं, तर ते बरोबर होतं. त्याच वर्षी इंटेलची पुढची पद्धत आली आणि ही अडचण संपली. सल्ला मात्र नंतरही बरीच वर्षं तसाच फिरत राहिला.

चार्जरची भानगड याहून वेगळी, आणि आपल्याकडे फार सार्वत्रिक. धातूच्या पाठीचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असताना पाठीवरून हलकेच बोटाची पाठ फिरवा. झिणझिण्या येतात, पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो. चार्जर काढला की तीच पाठ गुळगुळीत. चार्जरच्या पोटात वीज फार वेगाने चालू-बंद होत असते आणि त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट दाबायला भिंतीकडची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर ठेवतात. त्यातून भिंतीतल्या २३० व्होल्टचा जरासा पाझर लॅपटॉपच्या अंगावर येतो. ॲम्पियरचा दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी, जीवाला धोका नाही. पण हाच लॅपटॉप घरातल्या ॲम्प्लिफायरला जोडला, की हा पाझर ऑडिओच्या तारेच्या जाळीतून जमिनीकडे वाट काढतो आणि स्पीकर घुरघुरायला लागतो. तीन पिनांचा चार्जर असेल तर लॅपटॉपला एक अर्थिंग आणि ॲम्प्लिफायरला दुसरं, दोघांच्या मधल्या तारेचं कडं तयार होतं आणि त्या कड्यात ५० कंपनांची गुणगुण शिरते. इलाज सोपा आहे: ऐकताना चार्जर काढा. ज्याला तो काढायचा नसेल त्याने लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा. लॅपटॉपलाच हेडफोन लावून ऐकणाऱ्याला या घुरघुरीची कटकट नाही, कारण हेडफोनची तार पुढे कुठेच जात नाही.

खिशातल्या प्लेयरची खरी ताकद हीच. भिंतीशी नातं नाही, पंखा नाही, भुकेला प्रोसेसर नाही. २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्ये तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क होती, ५ जीबीची. फिरती तबकडी म्हटल्यावर वीजही खाणार आणि खुडखुडही करणार. म्हणून आत ३२ एमबीची मेमरी ठेवलेली. डिस्क थोडा वेळ फिरून पुढची काही गाणी त्या मेमरीत ओतायची आणि झोपी जायची. ऐकणाऱ्याचा बहुतेक वेळ डिस्क गाढ झोपलेली असतानाच जायचा.

आता हेडफोनकडे. जॅकमधून लाट निघते, पण ती हेडफोनपर्यंत पुरी पोचते का? प्रत्येक जॅकच्या आत थोडा रोध असतो. पिन आत-बाहेर करताना क्षणभर शॉर्ट होतं, त्यात चिप जळू नये म्हणून काही कंपन्या मुद्दाम रोधक घालतात. जॅकचा रोध आणि हेडफोनचा रोध यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा असता तर फक्त आवाज थोडा कमी झाला असता. पण एकाहून जास्त ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असलेल्या इयरफोनांत तो स्वरागणिक बदलतो. समजा, एखाद्या इयरफोनचा रोध एका पट्टीत ८ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ४० ओहम आहे. जॅकचा रोध २० ओहम असेल, तर पहिल्या पट्टीतला आवाज जवळजवळ ११ डेसिबलने पडेल आणि दुसऱ्या पट्टीतला साडेतीननेच. दोहोंत सात डेसिबलहून जास्त फरक! तेच गाणं, तीच चिप, आणि गायकाचा गळा बदललेला. जॅकचा रोध १ ओहम असता तर हाच फरक एका डेसिबलच्याही आत राहिला असता. ‘लॅपटॉपवर पातळ वाजतं, प्लेयरवर भरदार’ असं लोक सांगतात तेव्हा अनेकदा कारण हे असतं. बिटांशी त्याचा संबंध नसतो. दुकानात कुणी जॅकचा हा रोध, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, विचारत नाही, आणि खोक्यावरही तो क्वचितच छापलेला असतो.

दुसऱ्या टोकाला ३०० ओहमचे मोठे हेडफोन. एक व्होल्टच्या जॅकमधून त्यांना सव्वातीन मिलिवॅट मिळतात, आणि हळू मुद्रित केलेल्या संगीताला ते तोकडे पडू शकतात. तिथे जास्त व्होल्ट देणारा प्लेयर किंवा वेगळा ॲम्प्लिफायर कामाला येतो. उलट कानात घालायचे इयरफोन इतके हळवे असतात, की २० मायक्रोव्होल्टची खरखरसुद्धा शांत खोलीत ऐकू यावी. ताकदवान महागडा प्लेयर त्यांच्यासाठी प्रसंगी लॅपटॉपपेक्षाही वाईट, कारण तो लाटेबरोबर स्वतःची खरखरही मोठी करतो.

यात कानाचीही कमाल आहेच. ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज म्हणजे हवेच्या दाबात २० मायक्रोपास्कलचा फेर, आणि हवेचा नेहमीचा दाब त्याच्या सुमारे ५०० कोटी पट. त्या आवाजाने कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या रुंदीएवढाही हलत नाही. अशा कानापुढे यंत्राने लपवाछपवी करायची म्हणजे अवघडच.

खरखर यंत्राची की मुद्रणाची, हे ओळखायला मला तंबोरा आवडतो.  त्याच्या जव्हारीमागचं, म्हणजे त्या भरलेल्या झंकारामागचं, शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच तपासलं होतं. तार छेडली त्या जागेच्या हिशेबाने जे स्वर उमटायलाच नको होते, तेही घोडीच्या वक्र पाठीमुळे उमटतात, हे त्यांच्या लक्षात आलं. उपस्वरांचा असा दाट पुंजका हळूहळू विरत असताना त्याच्या खाली काय आहे ते ऐका, आणि मग गाणं थांबवा. खरखर गाण्याबरोबर थांबली तर ती टेपची. मागे उरली तर यंत्राची. जुन्या मैफलींच्या मुद्रणांत टेपची फुसफुस इतकी असते, की १६ बिटांचीसुद्धा पुरती गरज लागत नाही.

२०१६ साली आयफोनमधला जॅक गेला आणि एक छोटीशी तार विकली जाऊ लागली, एका टोकाला फोनची पिन आणि दुसऱ्याला जुना जॅक. अनेकांना ती नुसती तार वाटते. तिच्या टोकाच्या इवल्या फुगवट्यात अख्खं साउंड कार्ड आहे: आकड्यांची लाट करणारी चिप, ॲम्प्लिफायर, शिवाय माइकसाठी उलटं काम करणारी चिप. यूएसबी-सी पिन असलेली ९ डॉलरची अशी तार लॅपटॉपलाही चालते. मोजणीत तिची खरखर आणि विकृती मिळून संगीताच्या ९० डेसिबलहूनही खाली भरते, आणि तिचा आउटपुट रोध एखाद्या ओहमच्या आसपास. लॅपटॉपच्या गोंगाटी पोटातून नाजूक काम बाहेर आलं, की किणकिण बहुधा तिथेच संपते. आणि ब्लूटूथ इयरफोन वापरणाऱ्यांसाठी तर प्रश्नच निकालात निघतो. लॅपटॉप असो की प्लेयर, बाहेर पडतात ते आकडेच, आणि त्यांची लाट होते थेट कानात.

महाग प्लेयरवाल्यांचं काय? नील यंग या गायकाने २०१४ साली पोनो नावाचा तिकोनी प्लेयर आणला, ३९९ डॉलरचा. लोकवर्गणीतून ६० लाख डॉलरहून जास्त जमले. २०१७ साली गाशा गुंडाळला. सोनीने २०१६ साली शुद्ध तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेला, वर सोन्याचा मुलामा दिलेला वॉकमन काढला, वजन सुमारे अर्धा किलो. कारण दिलं होतं जमिनीच्या वाटेचा रोध कमी करण्याचं. मघाचं तांब्याच्या पट्टीचं गणित आठवलं तर कारण खोटं नाही, पण ज्या यंत्रात पाच ॲम्पियरचा लोंढाच नाही तिथे अर्धा किलो तांबं हा मला दागिना वाटतो. दागिना हौसेने घ्यावा, त्यात वावगं काही नाही.

बोस्टनमध्ये मेयर आणि मोरान यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीहून उच्च दर्जाच्या मुद्रणाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची पायरी घालायची आणि ऐकणाऱ्याला ओळखायला सांगायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. छापा-काटा केला असता तरी साधारण तेवढंच आलं असतं. घरी अशी तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करायला हवा, कारण किंचित मोठं वाजणारं नेहमीच ‘चांगलं’ वाटतं. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, ५० कंपनांचा सूर वाजवा, हेडफोन जोडलेले असताना जॅकवरचे व्होल्ट मोजा. दोन टक्क्यांच्या आत आले की फरक ०.१७ डेसिबलचा, पुरे आहे. आणि कुठलं यंत्र चालू आहे हे दुसऱ्याला ठरवू द्या.

माझा कौल असा: लॅपटॉप हाताशी असेल तर आधी चार्जर काढून ऐका. किणकिण नसेल तर एक पैसा खर्च करू नका. असेल तर ती छोटी तार घ्या. प्लेयर घ्यायचा तो प्रवासासाठी, किंवा गाणं ऐकताना ईमेल दिसू नये म्हणून, आणि ही कारणं मला आवाजाच्या कारणांपेक्षा जास्त पटतात. उरलेले पैसे हेडफोनवर घाला. दोन चिपांमधला फरक डेसिबलच्या दशांशांत मोजावा लागतो, दोन हेडफोनांमधला पाच-दहा डेसिबलचा सहज असतो. त्यातही इयरफोनच्या पाकिटातल्या रबरी टोप्यांकडे कुणी बघत नाही. टोपी सैल बसली की कानातली हवा गळते आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक दहा डेसिबलहूनही जास्त पडू शकते. लहान, मध्यम, मोठी, तिन्ही लावून बघा. डाव्या कानाला एक माप आणि उजव्याला दुसरं लागू शकतं.